भार आला की मेमरी चुकते: कपॅसिटर वाढवण्याआधी करंटची परतीची वाट तपासा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच दिसेल. बोर्ड चार लेयरचा, १.६ मिमी जाडीचा. वरून खाली क्रम सिग्नल, ग्राउंड, पॉवर, सिग्नल. त्यावर एक एआरएम प्रोसेसर, डीडीआर३ ची १६ बिटांची एक चिप, ईथरनेट, आणि ५ व्होल्टपासून प्रोसेसरच्या कोअरसाठी (आतल्या मुख्य भागासाठी) १.२ व्होल्ट देणारा बक रेग्युलेटर (स्विच चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा). मेमरीचं क्लॉक ४०० मेगाहर्ट्झ, म्हणजे प्रत्येक डेटा लाइनवर एका बिटाला १.२५ नॅनोसेकंद. एकटी मेमरी टेस्ट रात्रभर बिनचूक चालते. पण ईथरनेटवर वर्दळ आणि प्रोसेसरवर जड काम एकदम आलं की मेमरीत चुका येतात, अधूनमधून बोर्ड रीसेट होतो. प्रोसेसरखाली १०० नॅनोफॅरडचे २४ कपॅसिटर आहेत, डेटा लाइनची लांबी ०.१ मिमीपर्यंत जुळवली आहे. आणि विचारताय, कपॅसिटर वाढवू की सहा लेयरवर जाऊ?

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. तुम्ही दिलेल्या लेआउटमध्ये दोन गोष्टी लगेच खटकतात. एक, रेग्युलेटर बोर्डाच्या कोपऱ्यात आहे आणि तिथून १.२ व्होल्ट तिसऱ्या लेयरवरच्या सुमारे ४ मिमी रुंद, ६० मिमी लांब पट्टीतून प्रोसेसरपर्यंत येतो. दोन, त्याच तिसऱ्या लेयरचे १.२, १.५ आणि ३.३ व्होल्ट असे तुकडे केले आहेत, आणि चौथ्या लेयरवरच्या आठ डेटा लाइन १.५ आणि ३.३ च्या मधली फट ओलांडतात. रीसेटचा संशय मला पहिल्या गोष्टीवर आहे, मेमरीच्या चुकांचा दुसरीवर. मूळ मात्र एकच: करंट जातो ती वाट आखली गेली, तो परत येतो ती राहून गेली.

काही गोष्टी तुमच्या चिपवर अवलंबून आहेत, त्या मी गृहीत धरतो. कोअरचा कमाल करंट ३ अँपिअर, कामाचा भार बदलताना एका झटक्यात होणारी वाढ १.५ अँपिअर, आणि व्होल्टेजची मुभा ५ टक्के, म्हणजे वरखाली ६० मिलिव्होल्ट. डेटाशीटमध्ये वेगळे आकडे असतील तर पुढची गणितं त्या प्रमाणात बदला. पद्धत तीच राहील.

नवा लेआउट काढण्याआधी हातातल्या बोर्डावर तीन प्रयोग करा, अर्ध्या दिवसात होतात. मेमरीचं क्लॉक ३३३ मेगाहर्ट्झवर आणून सगळी टायमिंग व कॅलिब्रेशन पुन्हा चालवा आणि तोच भार द्या. (३०३ च्या खाली जाऊ नका, डीडीआर३ चं डीएलएल, म्हणजे चिपमधलं वेळ जुळवणारं सर्किट, त्याखाली चालण्याची खात्री नसते.) मग क्लॉक परत ४०० वर ठेवून, डेटाशीटची कमाल मर्यादा परवानगी देत असेल तर, फीडबॅकचा रेझिस्टर बदलून कोअर व्होल्टेज ३० ते ४० मिलिव्होल्टनी वाढवा. शेवटी व्होल्टेज मूळ जागी आणून, २२ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर प्रोसेसरच्या अगदी काठाशी १.२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये थेट सोल्डर करा, वायर न जोडता. क्लॉक उतरवल्यावर चुका गेल्या पण रीसेट राहिले, तर दोन वेगळे दोष आहेत. व्होल्टेज वाढवल्यावर किंवा कपॅसिटर लावल्यावर रीसेट थांबले, तर कोअरचा पुरवठाच कमी पडत होता. फक्त पहिल्या प्रयोगावरून निष्कर्ष काढू नका, कारण मेमरी मंद झाली की प्रोसेसरवरचा भारही कमी होतो आणि पुरवठ्याचा दोष झाकला जातो.

मोजताना एक खबरदारी घ्या, कारण इथे बहुतेक जण फसतात. स्कोपच्या प्रोबची १०–१५ सेंमी लांबीची ग्राउंड क्लिप म्हणजे साधारण १०० नॅनोहेन्रीचा लूप. प्रोबच्या टोकाचे १० पिकोफॅरड धरले तर ही जोडी १६० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच झुलते. पडद्यावर दिसणारं रिंगिंग बोर्डाचं की प्रोबचं, हे मग कुणालाच सांगता येत नाही. क्लिप काढून टाका, टोकाला लागणारी स्प्रिंग वापरा. त्याहून बरं, पातळ कोएक्स केबलचा तुकडा थेट प्रोसेसरखालच्या एका कपॅसिटरच्या दोन टोकांवर सोल्डर करा आणि स्कोपच्या बाजूला ५० ओम लावा. स्कोपचं इनपुट सतत १.२ व्होल्ट ५० ओमवर सहन करतं की नाही ते आधी बघा. नसेल तर मध्ये डीसी ब्लॉक (स्थिर व्होल्टेज अडवणारा जोड) घाला. रेग्युलेटरचा रिपल (आउटपुटवरची बारीक लहर) मोजताना २० मेगाहर्ट्झची मर्यादा चालू ठेवतात, पण इथे ती बंद ठेवा, नाहीतर जे शोधायचं तेच गाळलं जाईल. ट्रिगर खालच्या बाजूला, १.१५ व्होल्टवर (डीसी ब्लॉक घातला असेल तर शून्याखाली ५० मिलिव्होल्टवर). भार द्या आणि थांबा.

आता कारणमीमांसा. ६० मिलिव्होल्टना १.५ अँपिअरने भागलं की ४० मिलिओम येतात. डीसीपासून काही दहा मेगाहर्ट्झपर्यंत, प्रोसेसरच्या पायांशी पुरवठ्याचा इम्पीडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) या आकड्याखाली राहिला पाहिजे. तुमच्या पट्टीत ४ मिमी रुंदीचे १५ चौरस एकापुढे एक बसतात. ३५ मायक्रॉन तांब्याचा रोध दर चौरसाला सुमारे अर्धा मिलिओम, म्हणजे ७.५ मिलिओम, आणि ३ अँपिअरला २२ मिलिव्होल्टची घट. मुभेचा एक तृतीयांशाहून जास्त भाग इथेच गेला. शिवाय प्रोसेसरखाली व्हायांच्या (लेयर जोडणाऱ्या, आतून तांब्याचा मुलामा असलेल्या भोकांच्या) भोवतीच्या मोकळ्या वर्तुळांनी त्या तांब्याची चाळण झालेली असते. ६० मिमीचा हिशेब त्या भागाला लागू पडत नाही, तिथली घट वेगळी मोजावी लागते.

पण खरं दुखणं रोधात नाही, इंडक्टन्समध्ये आहे. प्रमाणित चार लेयरच्या बोर्डात दुसऱ्या आणि तिसऱ्या लेयरमध्ये सुमारे १.२ मिमीचा कोअर (बोर्डाच्या मधला जाड इन्सुलेटिंग थर, प्रोसेसरचा कोअर नव्हे) असतो. एवढ्या अंतरावर पॉवर आणि ग्राउंड असले की दर चौरसाला दीड नॅनोहेन्रीपर्यंत लूप इंडक्टन्स पडतो. कडांचा परिणाम वजा केला तरी तुमच्या पट्टीला १५ नॅनोहेन्री धरायला हरकत नाही. १५ नॅनोहेन्री साधारण ४०० किलोहर्ट्झलाच ४० मिलिओमवर पोचतात. याचा अर्थ त्यापुढे कोपऱ्यातला रेग्युलेटर आणि त्याच्याजवळचे मोठे कपॅसिटर प्रोसेसरच्या कामाचे उरत नाहीत. तिथून पुढे भार पेलायचा तो प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरनी, आणि तिथे आहेत फक्त २४ गुणिले १०० नॅनोफॅरड, म्हणजे २.४ मायक्रोफॅरड.

आता १५ नॅनोहेन्री आणि २.४ मायक्रोफॅरड एकमेकांशी समांतर येतात आणि ८४० किलोहर्ट्झच्या आसपास झुलतात. इंडक्टन्सला कपॅसिटन्सने भागून वर्गमूळ काढलं की ७९ मिलिओम मिळतात. ही त्या झुल्याची किमान उंची. सिरॅमिक कपॅसिटरचा रोध फार कमी असल्यामुळे खरी उंची याच्या काही पट असते. भार नेमका याच गतीने चालू-बंद होऊ लागला, उदाहरणार्थ ईथरनेटची पाकिटं येतात आणि प्रोसेसर मध्येच झोपून पुन्हा जागा होतो, की १.२ व्होल्टला खोल खड्डे पडतात. रात्रभराच्या मेमरी टेस्टमध्ये भार सपाट असतो, म्हणून तिला काही होत नाही.

तुम्ही २४ च्या जागी ४८ कपॅसिटर लावले तर ७९ चे ५६ मिलिओम होतील, तरी ४० च्या वरच. त्याऐवजी २२ मायक्रोफॅरडचे दोन लावले आणि डीसी बायस (व्होल्टेज दिल्यावर सिरॅमिकची होणारी घट), टॉलरन्स वगैरे वजा जाता ३५ मायक्रोफॅरड शिल्लक धरले, तर तोच आकडा २१ मिलिओमवर येतो. वर सांगितलेला तिसरा प्रयोग त्यासाठीच आहे. फक्त रेग्युलेटरच्या डेटाशीटमध्ये आउटपुटला किती कपॅसिटन्सपर्यंत लूप स्थिर राहतो ते आधी वाचा. काही रेग्युलेटर जास्त सिरॅमिक लावल्यावर स्वतःच डोलायला लागतात.

वरच्या फ्रीक्वेन्सीला मात्र तुमचे २४ कपॅसिटर पुरेसे आहेत. ०४०२ आकाराचा (साधारण १ बाय ०.५ मिमी) कपॅसिटर, त्याचे पॅड आणि बोर्डाच्या जाडीएवढी व्हायांची जोडी मिळून दीड नॅनोहेन्री पडतात. २४ समांतर असले की ०.०६, आणि त्याचे ४० मिलिओम होतात ते १०० मेगाहर्ट्झला. त्याच्या आधीच चिपच्या पॅकेजचा इंडक्टन्स आड येतो, आणि पुढचं काम चिपच्या आतल्या कपॅसिटन्सवरच सोपवावं लागतं. बोर्डावर तुम्ही काहीही लावलं तरी ते आतपर्यंत पोचत नाही. पण हा हिशेब प्रत्येक कपॅसिटरला स्वतःच्या दोन व्हाया असतील तरच खरा. तुमच्याकडे जागा वाचवायला दोन-दोन कपॅसिटर एका व्हायावर आहेत आणि काहींना २–३ मिमीचा बारीक ट्रेस (तांब्याची रेघ) आहे. ग्राउंड प्लेनपासून (लेयरभर पसरलेल्या तांब्यापासून) ०.२ मिमी उंचीवरचा ५० ओमचा ट्रेससुद्धा दर मिमीला ०.३ नॅनोहेन्री देतो. दोन्ही बाजूंना ३ मिमी म्हटलं की जवळपास २ नॅनोहेन्री वाढले, कपॅसिटर निम्म्याहून अधिक वाया गेला. व्हाया पॅडला चिकटून, शक्यतो पॅडच्या लांब बाजूला, आणि पॉवर-ग्राउंडच्या व्हाया एकमेकींच्या जवळ ठेवा.

१०० नॅनो, १० नॅनो आणि १ नॅनो अशी तिन्ही मूल्यं शेजारी लावण्याची सवय अजून बऱ्याच स्केमॅटिकमध्ये दिसते. ती सोडा. एकाच आकाराच्या तिघांचाही बसवलेला इंडक्टन्स सारखाच असतो; लहान मूल्याने वर काही फायदा होत नाही, उलट एकाचा इंडक्टन्स आणि दुसऱ्याचा कपॅसिटन्स मिळून मध्ये नवे उंचवटे तयार होतात. त्या आकारात सहज मिळणारं मोठं मूल्य एकच घ्या. आज ०४०२ मध्ये १ मायक्रोफॅरड एक्स७आर किंवा एक्स५आर (सिरॅमिकचे प्रकार) सहज मिळतो, मी १०० नॅनोच्या जागी तोच वापरतो. खरेदी करताना पूर्ण पार्ट नंबर द्या. लॅमिंग्टन रोडवरून लेबल नसलेली सुटी पट्टी आणली तर आत एक्स७आर आहे की वाय५व्ही हे डोळ्यांनी कळत नाही, आणि वाय५व्ही तापमान व व्होल्टेजबरोबर बहुतांश कपॅसिटन्स गमावतो. ५ व्होल्टच्या इनपुटवर ६.३ व्होल्टचा लहान १० मायक्रोफॅरड लावला तर एक्स५आर असूनही निम्म्याहून कमी उरू शकतो. तिथे १६ किंवा २५ व्होल्टचा, मोठ्या आकाराचा घ्या.

इथवर पुरवठ्याचं झालं. थोडक्यात: तुमच्याकडे कपॅसिटरची संख्या पुरेशी आहे, मूल्य कमी आहे, आणि रेग्युलेटरपासूनची वाट लांब व उंच आहे. उंच हा शब्द मुद्दाम वापरला, कारण पॉवर आणि ग्राउंडमधलं १.२ मिमी अंतर हाच सिग्नलच्या दोषाचाही धागा आहे.

ट्रेसमधून सिग्नल जातो तेव्हा तेवढाच करंट त्याच्या लगतच्या प्लेनमधून उलट दिशेने येतो. काही शे किलोहर्ट्झच्या वर तो कमी रोधाची वाट शोधत नाही, कमी इंडक्टन्सची शोधतो, म्हणजे बरोबर ट्रेसखालून धावतो. पहिल्या लेयरवरच्या ट्रेसला ही वाट दुसऱ्या लेयरचं ग्राउंड देतं, ठीक आहे. चौथ्या लेयरवरच्या ट्रेसला ती तिसऱ्या लेयरने द्यायची, आणि तिथे तुमचे तुकडे आहेत. डेटा लाइन फट ओलांडते तिथे परतीचा करंट अडतो. त्याला १.५ च्या तुकड्यातून जवळच्या कपॅसिटरने ग्राउंडवर, मग दुसऱ्या कपॅसिटरने ३.३ वर असा वळसा घालावा लागतो. आठ लाइन एकदम बदलल्या की आठांचा करंट त्याच वळशातून जातो आणि एकीचा आवाज दुसरीत उतरतो.

तुमच्या लक्षणांशी जुळणारी गोष्ट पुढे आहे. फट ओलांडताना दोन तुकड्यांमधल्या व्होल्टेजचा हलता भाग सरळ त्या लाइनच्या सिग्नलमध्ये मिसळतो. ईथरनेटची फिजिकल लेयरची चिप ३.३ वर चालते. वर्दळ वाढली की ३.३ थरथरतो, आणि ती थरथर मेमरीच्या डेटावर पोचते. एकट्या मेमरी टेस्टमध्ये ईथरनेट शांत असतं. हे बरोबर आहे का हे पडताळायला सोपं आहे: चुकांच्या नोंदी काढा आणि चुकलेली बिटं कोणती ते मोजा. चौथ्या लेयरवरच्या आठ लाइनवरच गर्दी दिसली तर शंका उरत नाही.

अनेकांना वाटतं की पॉवर आणि ग्राउंड प्लेन समोरासमोर असले की त्यांचा कपॅसिटन्स परतीचा करंट पोचवेल. १.२ मिमी अंतरावर तो दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३ पिकोफॅरड असतो. १० बाय ८ सेंमीचा अख्खा बोर्ड धरला तरी २६० पिकोफॅरड. त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

म्हणून माझी शिफारस: लेयर चारच ठेवा, क्रम बदला. पहिला सिग्नल आणि पॉवर, दुसरा अखंड ग्राउंड, तिसराही अखंड ग्राउंड, चौथा सिग्नल आणि पॉवर. पॉवरचं तांबं बाहेरच्या लेयरवर, लगतच्या ग्राउंडपासून ०.२ मिमी अंतरावर येतं, आणि त्याचा इंडक्टन्स दर चौरसाला दीड नॅनोहेन्रीऐवजी पाव नॅनोहेन्री होतो. रेग्युलेटर कोपऱ्यातून उचलून प्रोसेसरपासून २० मिमीवर आणा, १५ मिमी रुंदीचा तांब्याचा पट्टा द्या. आता चौरस दीडसुद्धा नाहीत. इंडक्टन्स १५ नॅनोहेन्रीवरून अर्ध्या नॅनोहेन्रीखाली, ३ अँपिअरला पट्ट्यातली घट २ मिलिव्होल्ट. लेयर बदलताना व्हाया मोजून द्या: ०.३ मिमी भोकाचा, २५ मायक्रॉन मुलाम्याचा व्हाया साधारण सव्वा मिलिओमचा असतो आणि मी एकावर १ अँपिअरपेक्षा जास्त टाकत नाही. ३ अँपिअरला सहा व्हाया ठेवा, आणि तेवढेच परतीच्या ग्राउंडलाही.

कोअरचे बॉल (प्रोसेसरच्या तळाचे सोल्डरचे गोळे) सहसा पॅकेजच्या मध्यभागी असतात आणि अॅड्रेसचे काठाला, त्यामुळे चौथ्या लेयरवर मधोमध १.२ चं तांबं आणि बाजूने अॅड्रेस लाइन हे जमतं. १६ डेटा लाइन, दोन स्ट्रोब जोड्या (डेटा कधी वाचायचा ते सांगणाऱ्या) आणि दोन मास्क (बाइट लिहायचा की नाही ते सांगणारे) सगळे पहिल्या लेयरवर, दुसऱ्या लेयरच्या ग्राउंडवरून, एकही व्हाया न घेता न्या. अॅड्रेस आणि कमांड चौथ्यावर. जिथे सिग्नल पहिल्यावरून चौथ्यावर जातो, तिथे १ मिमीच्या आत ग्राउंड व्हाया ठोका. दोन्ही प्लेन ग्राउंडच असल्यामुळे आता परतीच्या करंटला कपॅसिटर शोधत जावं लागत नाही, एक व्हाया पुरतो. या बदलातला मला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो.

ग्राउंड मात्र कुठेही कापू नका. अॅनालॉगचं वेगळं, डिजिटलचं वेगळं, ईथरनेटचं वेगळं असं करून मग एका ठिकाणी जोडायचं, हा सल्ला अशा बोर्डावर नुकसानच करतो, कारण कधी ना कधी एखादा ट्रेस त्या कापावरून जातोच. भाग वेगवेगळ्या जागी बसवा, तांबं एकच ठेवा.

ट्रेसची रुंदी फॅबच्या (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याच्या) खऱ्या स्टॅकअपवरून (थरांच्या रचनेवरून) काढा, इंटरनेटवरच्या सरासरीवरून नको. ०.२ मिमी प्रीप्रेगवर (बाहेरचा लेयर आणि प्लेन यांच्यामधल्या इन्सुलेटिंग थरावर) ५० ओमला साधारण ०.३५ मिमी रुंदी लागते, आणि प्रोसेसरच्या बॉलमधून तेवढी निघत नाही. ०.१ मिमीचा प्रीप्रेग मिळत असेल तर जरूर घ्या: रुंदी निम्म्यावर येते आणि क्रॉसटॉकही (एका ट्रेसचा आवाज शेजारच्यात उतरणं) एकदम कमी होतो. शेजारच्या ट्रेसमधला क्रॉसटॉक ढोबळमानाने, १ भागिले (१ अधिक अंतर आणि उंची यांच्या गुणोत्तराचा वर्ग) या प्रमाणात जातो. मध्यापासून मध्यापर्यंत ०.६ मिमी अंतर आणि ०.२ मिमी उंची असेल तर दहाव्या भागापर्यंत, उंची ०.१ केली तर सदतिसाव्या भागापर्यंत. ट्रेस न हलवता मिळालेला फायदा आहे हा.

लांबी जुळवण्यावर तुम्ही फार वेळ दिलात, म्हणून स्पष्ट सांगतो. बाहेरच्या लेयरवर सिग्नलला १ मिमीला ६ पिकोसेकंद लागतात. ०.१ मिमी म्हणजे अर्ध्या पिकोसेकंदाच्या आसपास, आणि तुमचं बिट १२५० पिकोसेकंदांचं आहे. एका बाइटच्या लाइन त्यांच्या स्ट्रोबशी १ मिमीपर्यंत जुळल्या की या वेगाला भरपूर झालं. त्यातही प्रोसेसरच्या पॅकेजच्या आतली लांबी निर्मात्याने दिली असेल तर ती धरा, ती कधीकधी काही मिमी असते. नागमोडी वळणं दाटीवाटीने काढली तर शेजारचे पट्टे एकमेकांशी जोडले जातात आणि सिग्नल अपेक्षेपेक्षा आधी पोचतो. मग कागदावर जुळलेली लांबी वेळेत जुळत नाही. वळणांमधलं मोकळं अंतर प्लेनच्या उंचीच्या किमान तिप्पट ठेवा.

त्याऐवजी व्हीरेफकडे, म्हणजे ० आणि १ ओळखण्याच्या संदर्भ व्होल्टेजकडे, लक्ष द्या. डीडीआर३ ला तो पुरवठ्याच्या ०.४९ ते ०.५१ पटीत लागतो, म्हणजे १.५ व्होल्टवर वरखाली फक्त १५ मिलिव्होल्ट. १ किलोओमचे १ टक्क्याचे दोन रेझिस्टर, मेमरीच्या पायाशी १०० नॅनोफॅरड, आणि जवळून कुठलीही क्लॉक किंवा स्विच नोड (बक रेग्युलेटरचे स्विच आणि इंडक्टर जुळतात ती जागा) जाऊ न देणे एवढं पुरतं. झेडक्यू पायावर २४० ओम १ टक्क्याचा हवा, त्याच्यावरच ड्राइव्ह (पाठवणाऱ्या बाजूचा रोध) आणि टर्मिनेशनचं (लाइनच्या टोकाला परावर्तन थांबवणाऱ्या रोधाचं) कॅलिब्रेशन चालतं. ड्राइव्ह ३४ किंवा ४० ओम आणि ओडीटी (चिपच्या आतलं टर्मिनेशन) ४०, ६० किंवा १२० ओम हे पर्याय सॉफ्टवेअरमधून बदलता येतात. प्रत्येक जोडीसाठी भार देऊन चाचणी घ्या आणि चुका न येणाऱ्या पट्ट्याच्या मधली जोडी निवडा, काठावरची नको. मेमरीच्या क्लॉकच्या जोडीला चिपच्या टोकाशी १०० ओम. अॅड्रेस लाइनना व्हीटीटी टर्मिनेशन (पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजला जोडलेले रेझिस्टर) लागतं की नाही हे लांबीवर अवलंबून आहे. एकच चिप आणि प्रोसेसरला लगटून असेल तर अनेक संदर्भ-बोर्ड त्याशिवाय चालतात; तुमच्या प्रोसेसरच्या निर्मात्याने काय केलं आहे ते पाळा.

मंद दिसणाऱ्या लाइनना कमी लेखू नका. ईथरनेटचं ५० मेगाहर्ट्झ क्लॉक निरुपद्रवी वाटतं, पण महत्त्व क्लॉकच्या फ्रीक्वेन्सीला नसून कडेच्या वेगाला आहे. १ नॅनोसेकंदात चढणारी कड बोर्डावर १५ सेंमी पसरते. ट्रेस तिच्या सहाव्या भागापेक्षा, म्हणजे अडीच सेंमीपेक्षा लांब असला की परावर्तन दिसू लागतं. पाठवणाऱ्या चिपच्या पायाशी २२ किंवा ३३ ओमचा रेझिस्टर मालिकेत टाका. चिपचा स्वतःचा साधारण २० ओम मिळून तो ५० ओमच्या जवळ जातो. दुसऱ्या टोकाला टाकला तर उपयोग नाही.

पीएलएलच्या (चिपमधलं क्लॉक तयार करणाऱ्या सर्किटच्या) पुरवठ्यावर तुम्ही फेराइट बीड (वरच्या फ्रीक्वेन्सीचा आवाज अडवणारा भाग) आणि १० मायक्रोफॅरड सिरॅमिक लावला आहे. शंभर मेगाहर्ट्झला ६०० ओम दाखवणारा बीड खाली साध्या इंडक्टरसारखा वागतो आणि त्या कपॅसिटरबरोबर काही दहा किलोहर्ट्झला झुलतो, म्हणजे तिथला आवाज कमी होण्याऐवजी वाढतो. मूळ कपॅसिटर राहू द्या, आणि त्याला समांतर २२ ते ४७ मायक्रोफॅरडचा आणखी एक, अर्ध्या-एक ओमच्या रेझिस्टरच्या मालिकेत लावा. नेमकं मूल्य बीडवर ठरेल. बीडचा ठरलेला करंट हा तापण्यावरून दिलेला असतो. त्याच्या निम्म्या करंटलाही त्याचा इम्पीडन्स बराच उतरतो, म्हणून चौपट-पाचपट मोठा निवडा. कोअरच्या मुख्य पुरवठ्यावर मात्र बीड अजिबात नको.

बक रेग्युलेटर जवळ आणताना त्याचा इनपुट लूप बघा. इनपुट कपॅसिटर, वरचा स्विच, खालचा स्विच आणि परत कपॅसिटर या लूपमध्ये करंट काही नॅनोसेकंदांत चालू-बंद होतो. सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या इनपुट आणि ग्राउंड पायांना १–२ मिमीच्या आत, त्याच लेयरवर, मध्ये व्हाया न घेता. स्विच नोडचं तांबं इंडक्टरपुरतंच ठेवा, ते मोठं केलं की अँटेना होतं. इंडक्टर मेमरीच्या बाजूला नको. फीडबॅकची लाइन प्रोसेसरखालच्या तांब्यापासून घ्या, रेग्युलेटरच्या पायाजवळून नको, म्हणजे वाटेतली डीसी घट आपोआप भरून निघेल.

सहा लेयर कधी? ३२ बिटांच्या मेमरीसाठी दोन चिप आल्या, किंवा अॅड्रेस लाइन आणि पॉवरचं तांबं चौथ्या लेयरवर एकत्र मावेनात, तेव्हा. त्या वेळी दुसरा आणि पाचवा ग्राउंड, बाहेरचे दोन सिग्नल, तिसऱ्यावर मोजके सिग्नल, चौथ्यावर पॉवर. सिग्नलचे दोन लेयर एकमेकांना लागून, मध्ये ग्राउंड नाही, असा स्वस्तातला क्रम कुणी सुचवला तर नाकारा.

फॅबला ऑर्डर देताना प्रत्येक थराची जाडी, ५० ओम एकेरी आणि १०० ओम जोडीसाठी तुम्ही काढलेली रुंदी, आणि १० टक्के इम्पीडन्स टॉलरन्स लेखी द्या. सांगितल्याशिवाय प्रीप्रेग बदलू नये हेही लिहा. सोल्डर मास्कने इम्पीडन्स १–३ ओम उतरतो, तो त्यांनी धरला आहे का विचारा. आणि नव्या बोर्डावर १.२ आणि १.५ दोन्हींसाठी प्रोसेसरजवळ एकेक लहान कोएक्स कनेक्टरची जागा सोडा, ग्राउंड व्हायांसकट. कोअरसाठी २२ मायक्रोफॅरडच्या चार जागा काढा. दोन भरा, दोन रिकाम्या ठेवा. बोर्ड आल्यावर आधी फक्त दोनांवर भार देऊन खड्डा मोजा. तो ४० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उरलेल्या दोन जागा तशाच राहू द्या.